लोकांच्या गावात राहून मनासारखं जगण्याच्या पायऱ्या

‘लोकांचा विचार सोडून दे’ असा सल्ला देणारा माणूस बहुधा मोठ्या शहरात राहतो. शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचं आडनाव त्याला दारावरच्या पाटीवरून कळतं. गोव्यात हे चालत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार इथली वस्ती जेमतेम साडेचौदा लाख, तालुके बारा. दोन अनोळखी माणसं बसमध्ये शेजारी बसली की ‘कुठले? कुणाचे?’ विचारत तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतं. वाड्यावरचा (म्हणजे गावातल्या आपल्या वस्तीतला) किराणा दुकानदार हाच आपल्या काकाचा व्याही असतो, तोच पंचायतीत पंच असतो आणि पालखीला आपल्या बाबांच्या शेजारी तोच उभा असतो. अशा माणसाला ‘सोडायचं’ म्हणजे नेमकं काय करायचं?

म्हणून मी जे सांगते आहे ते लोकांची पर्वा न करण्याबद्दल नाही. कोणाची पर्वा करायची, किती करायची आणि बाकीच्यांच्या बोलण्याचा धाक कसा उतरवायचा, याबद्दल आहे. तुमच्या मनात एखादी ठोस गोष्ट अडून राहिली असेल तर एक वही घ्या. मोबाइलवर लिहू नका, घरातला मोबाइल कोणीही उघडतो.

पहिली पायरी: काय करायचंय ते एका वाक्यात

‘मला मोकळं जगायचंय’ असं लिहून काही हाती लागत नाही. ‘मला लग्न करायचं नाही.’ ‘सरकारी कारकुनाच्या परीक्षा देणं बंद करून मला नर्सरी काढायचीय.’ ‘नवरा गेला तरी मला चवथीला (गणेश चतुर्थीला) फुगडी घालायचीय.’ ‘मला घटस्फोट हवाय.’ इतकं थेट लिहा. लिहिताना हात अडखळला तर वाक्य बरोबर जागी पोचलं असं समजा.

आता त्या वाक्याला दोन प्रश्न विचारा. हे कोणालाच कधी कळणार नसेल, तर मी करीन का? आणि हे कोणाला दाखवता येणार नसेल, फोटो नाही, स्टेटस नाही, तरी करीन का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ आलं, तर तुम्ही अजून लोकांसाठीच जगताय, फक्त लोक बदललेत. वडिलांना चिडवायला सोडलेली नोकरी आणि वडिलांना खूष ठेवायला धरलेली नोकरी, दोन्हींत निर्णय वडीलच घेत असतात. दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर पुढे चला.

दुसरी पायरी: ‘लोक’ नावानिशी

एका पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात नाव, दुसऱ्यात ते काय म्हणतील, तिसऱ्यात ते खरोखर काय करू शकतात. ‘सगळे’, ‘समाज’, ‘गाव’ हे शब्द पहिल्या रकान्यात चालणार नाहीत. नावच हवं: मोठी काकी, शेजारचे भाटकार (जमीनमालक), शाळेतली मुख्याध्यापिका, तिंट्यावर (गावच्या नाक्यावर) रोज भेटणारा वर्गमित्र.

मी ज्यांच्याकडून ही यादी करून घेतली त्यांतल्या बहुतेकांचं पान अर्ध्यावर संपलं. मनात ज्यांची गर्दी होती ती माणसं कागदावर मावण्याइतकीच निघाली. तिसऱ्या रकान्यात बहुतेक नावांपुढे एकच गोष्ट येते, ‘बोलतील’. दोन-तीन नावांपुढे मात्र वेगळं काही येतं: ‘घरातून काढतील’, ‘पगार थांबवतील’, ‘बोलणं टाकतील आणि त्याचं मला खरंच दुःख होईल’. या दोन-तीन नावांभोवती गोल करा. पुढचं बहुतेक काम त्यांच्यासाठी आहे.

तिसरी पायरी: नुकसान तपासून घ्या

गोल केलेल्या नावांपुढचं नुकसान धमकीचं आहे की खरं, हे माहिती काढून ठरवायचं असतं, मनाशी घोळवून नव्हे. गोव्यात याबाबत एक वेगळी गोष्ट आहे आणि ती माहीत नसल्यानं अनेक जण विनाकारण घाबरून राहतात. ‘तुला इस्टेटीतून बेदखल करीन’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या बापाच्या तोंडी जितकं चालतं तितकं इथे चालत नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आणि आता २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात असलेला नियम असा, की मुलं असताना आईवडिलांना आपल्या मालमत्तेतला अर्धाच भाग मर्जीप्रमाणे कोणालाही देता येतो. उरलेला अर्धा मुलांसाठी राखीव. कायद्यात दिलेल्या ठरावीक गंभीर कारणांवाचून तो काढून घेता येत नाही. जातीबाहेर लग्न करणं किंवा लग्नच न करणं ही ती कारणं नव्हेत.

पण यानं फार हुरळूनही जाऊ नका. हा हिस्सा आईवडिलांच्या पश्चात मिळतो. आज रात्री डोक्यावर छप्पर असेल का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर स्वतःच्या कमाईत शोधावं लागतं. मी वकील नाही. तुमच्या घराच्या कागदांत काय आहे ते तालुक्याच्या ठिकाणचा वकील तासाभरात सांगेल. ती फी दोन वर्षांच्या झोपेपेक्षा स्वस्त पडते.

असंच इतर बाबतींत. समलिंगी असणं हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला स्पष्ट केलं. त्यामुळे पोलिसांचा बागुलबुवा दाखवणारा नातेवाईक यादीत असेल तर तिसऱ्या रकान्यातलं त्याचं नुकसान खोडा. नोकरीचं म्हणाल तर सेवाशर्ती वाचा. भाड्याच्या घराचं असेल तर करारात किती महिन्यांची नोटीस लिहिलीय ते बघा. भीतीला एकदा तारीख आणि रक्कम मिळाली की तिच्याशी बोलता येतं.

चौथी पायरी: किंमत कोण भरणार

ही पायरी अशा लेखांतून बहुधा गाळलेली असते, म्हणून इथे थोडं थांबते.

साखवाळच्या धर्मानंद कोसंबींचं उदाहरण घ्या. १८७६ चा जन्म. संस्कृत शिकायचं आणि बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा, या एका ध्यासापोटी १८९९ मध्ये घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल (आजची श्रीलंका) असं करत हा माणूस पाली भाषेचा असा पंडित झाला की पुढे अमेरिकेतल्या हार्वर्डनं त्याला कामासाठी बोलावलं. लोक काय म्हणतील याला भीक न घालणारा गोमंतकीय म्हणून त्यांचं नाव अभिमानानं घेतलं जातं आणि ते रास्तही आहे. पण ते घराबाहेर पडले तेव्हा मागे बायको होती आणि तान्ही मुलगी. त्या ध्यासाची पहिली किंमत त्या दोघींनी भरली. मला कोसंबींबद्दल आदर आहे आणि तरीही हा हिशेब लपवावा असं वाटत नाही.

म्हणून तुमच्या वाक्याखाली लिहा: याची किंमत माझ्याशिवाय आणखी कोण भरणार? त्या माणसाचं मत हे ‘लोकांचं मत’ नव्हे. नवरा, बायको, तुमच्यावर अवलंबून असलेली आई, लहान मूल, यांना ‘मी मला हवं तसं जगणार’ असं सुनावणं याला धाडस म्हणत नाहीत. गोव्यात तर कायद्यानंही हे गुंतलेलं आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि घर किंवा जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. नोकरी सोडून नर्सरीसाठी जागा गहाण टाकायची असेल तर बायकोशी बोलणं ही पहिली गोष्ट, बँक नंतर. आणि अजून लग्न व्हायचं असेल नि वेगळी व्यवस्था हवी असेल, तर तो करार लग्नाआधीच करावा लागतो, मागाहून नाही.

पाचवी पायरी: दिखाव्याचा खर्च काढा

गेल्या वर्षभरात केवळ लोकांनी बघावं म्हणून केलेला खर्च लिहा. चवथीला पाहुणे येणार म्हणून ठीक असलेल्या भिंतींना दिलेला रंग, पुतणीच्या लग्नात वाटलेली पाकिटं, हप्त्यावर घेतलेली गाडी.

डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यातल्या वाचकांना हे जास्त सांगायला नको. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभे राहिले. काही घरांनी पहिल्याच वर्षी ट्रक विकला. मुलगा दुसऱ्याच्या टेम्पोवर चालक झाला, सुनेनं घरी मसाले करून विकायला सुरुवात केली. काही घरांनी मात्र, काल मालक होतो, आज नोकर कसे दिसणार, या विचारात हप्ते ओढले आणि लग्नंही पूर्वीच्याच थाटात केली. दुसऱ्या प्रकारच्या घरांना कर्ज देणाऱ्यांत ते ‘लोक’ नव्हते. फेडतानाही नव्हते.

हा आकडा काढण्यामागे माझा स्वार्थी हेतू आहे: बहुतेकांना मनासारखं करायला जे पैसे लागतात, ते याच रकमेत सापडतात.

सहावी पायरी: लहानापासून सुरुवात

एका रात्रीत निर्भय होता येत नाही. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञानं १९५० च्या दशकात भीतीवर काम करण्याची एक रीत बसवली. भीतीच्या प्रसंगांना शून्य ते शंभर गुण द्यायचे, कमी गुणांपासून सुरुवात करायची आणि एक पायरी अंगवळणी पडल्यावरच पुढची चढायची. आजचे समुपदेशकही हीच पद्धत वापरतात.

नवरा गेल्यावर फुगडी घालू इच्छिणाऱ्या बाईची शिडी अशी होऊ शकते. रंगीत साडी नेसून वाड्यावरच्या दुकानात जाणं: २०. शेजारणीच्या हळदीकुंकवाला जाऊन नुसतं बसून येणं: ३५. भाचीच्या लग्नात मागे न राहता मंडपात पुढे बसणं: ५५. टिकली लावून सोमवारी देवळात जाणं: ७०. चवथीला चुलतघरी फुगडीत उतरणं: ९०. तुमचे आकडे वेगळे असतील. एखादीला टिकली सोपी वाटेल आणि मंडपातली पुढची खुर्ची अवघड.

नियम थोडे आहेत, पण ते पाळा. प्रसंगातून भीतीच्या ऐन भरात पळून येऊ नका, ती थोडी उतरेपर्यंत थांबा. मोबाइलमध्ये तोंड खुपसून, किंवा स्वतःवरच विनोद करत वेळ मारून नेली तर ती पायरी मोजायची नाही. आणि तीच पायरी कंटाळा येईपर्यंत पुन्हा करा. कंटाळा आला की काम झालं.

प्रत्येक पायरीआधी वहीत लिहा: काय घडेल असं वाटतंय? आल्यावर लिहा: काय घडलं? दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी असू द्या. ‘सगळ्या वळून बघतील’ याच्या समोर ‘एकीनं साडीचं कापड कुठून आणलं ते विचारलं’ असं लिहायची पाळी येते तेव्हा समजुतीच्या गोष्टींची गरज उरत नाही.

कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी केलेला, २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे आठवतो. विद्यार्थ्यांना लाज वाटेल अशा, एका गायकाचं चित्र असलेल्या टीशर्टात भरल्या खोलीत पाठवलं. खोलीतल्या निम्म्या लोकांनी चित्र पाहिलं असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांच्याच ते लक्षात आलं होतं. आता, अमेरिकेतली खोली आणि आमचा वाडा यांत फरक आहे, हे मी मान्य करते. आमच्याकडे बघतात, आणि गेटपर्यंत बघत राहतात. पण त्यांच्या डोक्यात तुमच्यासाठी जितकी जागा आहे असं तुम्हाला वाटतं, तितकी नसते. तिथे त्यांच्या सुनेचं, मुलाच्या बदलीचं आणि गुडघेदुखीचं भांडार आधीच भरलेलं असतं.

लाज मोडण्याचे याहून धीट व्यायामही आहेत. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस आपल्याकडे येणाऱ्यांना भुयारी रेल्वेत मोठ्यानं स्टेशनांची नावं पुकारायला सांगत. आपल्याकडे तसं करू नका. बसमध्ये ‘फोंडा, फोंडा, फोंडा’ ओरडलात तर कोणी हसणार नाही, दोघे चढून तिकीट मागतील.

सातवी पायरी: एक माणूस बरोबर हवा

सोलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत रेघांची लांबी ओळखायची होती, अगदी पोरखेळ. पण खोलीतले बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत. एकट्या पडलेल्या माणसांची सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्या गर्दीच्या मागे गेली. खोलीत बरोबर उत्तर देणारा आणखी एकच माणूस ठेवला, तेव्हा हे प्रमाण आधीच्या चौथ्या हिश्शावर आलं. बहुमत लागत नाही. एक पुरतो.

तो कोण, हे ठरवा. जवळची मैत्रीण असेलच असं नाही. अनेकदा घरातली सर्वांत म्हातारी बाई यासाठी अनपेक्षित उपयोगी पडते. तिनं पुष्कळ पाहिलेलं असतं आणि तिला कोणी उलट बोलत नाही. कधी एखादी संस्थाही आधार होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर तिथल्या बाईला ‘मी एकटी असं करतेय’ म्हणायची पाळी राहिली नाही. तुमच्या गावातल्या महिला मंडळात, भजनी मंडळात अशी दोन डोकी आहेत का, हे हळूच चाचपून बघा.

आठवी पायरी: घरी सांगणं

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. आईबाबांचा विरोध आपण समजतो त्या गोष्टीला नसतोच पुष्कळदा. मुलगी लग्न करणार नाही, याची तजवीज आई मनात कधीच करून बसलेली असते. तिला सुटत नाही ते वेगळं. सोमवारी देवळाच्या पायरीवर कोणी तरी विचारणार, ‘धुवेचें लग्न केन्ना गो?’ (मुलीचं लग्न कधी गं?) आणि त्या क्षणी तोंडातून काय काढायचं, हे तिला माहीत नसतं. तुम्ही पुण्याला किंवा पणजीला ऑफिसात असता. प्रश्नाला उभी असते ती.

मग तिला उत्तर द्या, म्हणजे शब्दशः वाक्य द्या. ‘ना, ती लग्न करिना म्हणटा. बरी आसा ती.’ (नाही, ती लग्न करणार नाही म्हणते. बरी आहे ती.) एवढंच. त्यात खंत नको, माफी नको, ‘बघू पुढे’ नको. तिच्यासोबत एकदा ते बोलून बघा, हसत हसत का होईना. बाबांसाठी वेगळं वाक्य लागेल, कारण त्यांना वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या सुरात विचारतात. नर्सरीवाल्या मुलाच्या बाबांना आकडा हवा असतो: ‘त्यानं वर्षभराचा खर्च बाजूला काढूनच नोकरी सोडली.’ हे वाक्य खरं असावं लागतं, म्हणून आधी तो खर्च बाजूला काढावा लागतो.

सांगायची वेळ आणि जागा यालाही महत्त्व आहे. सणाच्या दिवशी नाही, पाहुण्यांसमोर नाही, फोनवर नाही. एकावेळी एकालाच. परवानगी मागायची नसेल तर परवानगी मागितल्यासारखं बोलू नका. ‘आई, मी असं करू का?’ असं विचारलंत तर ‘नको’ म्हणायचा तिला हक्क आहे. ‘आई, मी असं ठरवलंय, तुला बाहेरून कळू नये म्हणून आधी सांगते’ हे खरं वाक्य. त्याच्या मागोमाग काय बदलणार नाही तेही सांगा: दर रविवारी येणार, दोतोराकडे (डॉक्टरकडे) मीच नेणार, गणपतीवरची माटोळी मीच बांधणार.

मग थांबा. तुम्हाला जे पटायला दोन वर्षं लागली ते त्यांनी दोन मिनिटांत गिळावं, अशी अपेक्षा ठेवू नका. पहिलं वाक्य कडवट असतं, ते शेवटचं धरू नका. काही घरांत आठवडाभर अबोला चालतो. त्या आठवड्यात रोजच्यासारखा चहा करा आणि विषय काढू नका.

आणखी एक युक्ती सांगते, थोडी चावट आहे. प्रत्येक कुटुंबात एक मावशी किंवा आत्या अशी असते, की सकाळी तिला सांगितलेलं संध्याकाळी अर्ध्या तालुक्याला कळतं. तिच्यापासून लपवू नका. आईबाबांना सांगून झालं की मुद्दाम तिला गाठा आणि गावात जे वाक्य फिरायला हवं तेच तिच्या कानात घाला. नाहीतरी बातमी फिरणारच, तुमच्या शब्दांत फिरलेली बरी.

नववी पायरी: तयार उत्तरं

चवथीला मूळ घरी सगळे जमतात. नेवऱ्या, पातोळ्या, खतखतें आणि प्रश्न. प्रश्न विचारणाऱ्यांतल्या बहुतेकांना उत्तर नको असतं, बोलायला विषय हवा असतो. म्हणून उत्तर छोटं, खरं आणि दरवर्षी तेच असावं.

‘पगार किती मिळतो रे त्यात?’
‘भागतं काका. तुमच्या काजूंचं कसं यंदा?’

‘एकटी किती दिवस राहणार गो?’
‘बरं चाललंय काकी. खतखतें तुमच्या हातचं ना हे?’

‘तुला वाईट वाटत नाही, मूल नाही याचं?’
‘हे मी इथे नाही बोलणार मावशी.’ आणि उठून पाणी आणायला जाणं.

शेवटचं उत्तर उद्धट वाटेल. पण काही प्रश्नांना विषय बदलून उत्तर दिलं की ते दुसऱ्या दाराने परत येतात. आवाज मऊ ठेवा, वाक्य नाही. आणि ‘नाही’ म्हणायचं असताना ‘पळोवया’ (बघू या) म्हणायची आपली सवय सोडा. त्या एका शब्दावर स्थळं बघितली जातात, नोकरीचे फॉर्म भरले जातात, आणि सहा महिन्यांनी तुम्हीच शब्द फिरवल्याचा आळ येतो.

दहावी पायरी: गावाचं देणं चुकवत राहा

एडविन हॉलंडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५८ मध्ये एक मुद्दा मांडला होता. गटाच्या उपयोगी पडून, गटाचे महत्त्वाचे संकेत पाळून माणूस पत जमवतो, आणि पुढे वेगळं वागायचं झालं की ती पत खर्च करतो. हॉलंडरनं आमचा वाडा पाहिला नसणार, पण वर्णन हुबेहूब आहे.

मयताला वेळेवर जाणं. रात्री कोणाला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यायचं झालं तर गाडी काढणं. सप्ताहातला आपल्या घराचा भजनाचा पहारा न चुकवणं. उत्सवाच्या नाटकाला पडदा ओढायला का होईना, उभं राहणं. हे करणाऱ्या माणसानं जातीबाहेर लग्न केलं तरी गाव महिनाभर कुजबुजतं आणि मग त्याच्या बायकोला नावानं हाक मारू लागतं. हे न करणाऱ्यानं मिशी काढली तरी चर्चा होते. आपल्या पटणाऱ्या गोष्टींतच भाग घ्या, देवावर विश्वास नसेल तर पालखी सोडून आजारपणाला धावा. पण कुठे तरी हजर असा. शहरी लेखांत ‘नको असलेली माणसं तोडा’ असं लिहिलेलं असतं, त्याचा इथे उपयोग नाही. उद्या दरड कोसळली तर फावडं घेऊन तीच माणसं येणार आहेत.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मात्र शांत राहा. स्टेटसवर टोमणे मारणं, सुविचार टाकून कोणाला तरी सुनावणं, हे सगळं अजून कोणाच्या तरी दरबारात उभं असल्याचं लक्षण. ग्रुप म्यूट करा, सोडू नका. सोडण्याची बातमी होते.

लोक बरोबर असतात तेव्हा

असतात, अधूनमधून. मत कानावर आलं की तीन गोष्टी बघा. बोलणाऱ्याला त्या कामातलं कळतं का? तो तोंडावर बोलला की पाठीमागे? आणि माझं चुकलं तर त्यालाही झळ बसणार आहे का? तिन्ही ‘हो’ असतील तर ते मत वहीत लिहा आणि चार दिवस ठेवा. दारू वाढलीय, कॅसिनोत पैसे जाताहेत, निवडलेला माणूस हात उगारतो, असं जवळच्या तिघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं तर ‘मी असाच आहे’ हे उत्तर होत नाही.

हे पुरेसं नसेल तेव्हा

काहींच्या बाबतीत शिडीची पहिली पायरीही चढवत नाही. चारचौघांत जेवताना हात थरथरतात, फोन घ्यायची भीती वाटते, महिनोन्‌महिने कार्यक्रम टाळले जातात, काम किंवा शिक्षण सुटायची वेळ येते. हा स्वभाव नाही, उपचार होऊ शकणारा आजार असू शकतो. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारांचा यात चांगला उपयोग होतो. बांबोळीला सरकारी मनोरुग्णालय आहे, त्याच्या नावाचीच लाज वाटत असेल तर आधी १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर (सरकारची मानसिक आरोग्य मदतवाहिनी) घरी बसून बोला. तो मोफत आहे.

आणि घरात मारहाण, कोंडून ठेवणं, कागदपत्रं काढून घेणं असं काही चालू असेल तर या लेखातल्या पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत. तिथे समजावून सांगायचं नसतं, आधी सुरक्षित जागी पोचायचं असतं. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक, स्त्रियांसाठी १८१.

गाव सोडायचं ठरलं तर

तोही एक रास्त मार्ग आहे. त्याला पळणं म्हणणाऱ्यांचं नाव दुसऱ्या पायरीच्या यादीत पहिल्याच रकान्यात राहू द्या. मात्र रागात निघू नका. तीन महिन्यांचं भाडं आणि खर्च स्वतःच्या खात्यात असावा, त्या खात्यावर घरातल्या कोणाचं नाव नसावं. जन्मदाखला, आधार, शिक्षणाची प्रमाणपत्रं, बँकेचं पुस्तक यांच्या मूळ प्रती आधी हाताशी घ्या. पहिली खोली पर्वरी किंवा मडगावसारख्या ठिकाणी घेतली तर नोकरीही मिळते आणि गरज पडली तर तासा-दीड तासात घरी पोचता येतं. पुणे-मुंबई त्यानंतर. आणि पुढच्या चवथीला येणार की नाही, किती दिवस राहणार, हे निघण्याआधी ठरवून आईला सांगा. तिला तेही कोणी तरी विचारणार आहे.